दोघांपुरती आमटी

आमटी दोघांपुरती करायला घेतली की मिळून येत नाही. सात जणांची यायची. डाळ तीच, कुकर तोच, घरी कुटलेला गोडा मसालाही तोच. पण मूठभर तूरडाळ शिजवून, घोटून, पाणी वाढवून उकळी आणली की पाच मिनिटांत डाळ तळाशी आणि पिवळं पाणी वर. गेलं वर्षभर मी या एकाच गोष्टीच्या मागे लागले आहे. ह्यांना त्यात काही वावगं वाटत नाही. ते भात कालवतात आणि मुकाट्याने जेवतात. मला मात्र भाताच्या कडेने पसरणारं ते पाणी बघवत नाही.

उल्हासनगरच्या कॅम्प ५ मधल्या आमच्या बराकीच्या खोल्यांत एके काळी सात माणसं जेवत होती. मुलीचं लग्न झालं, धाकटे दीर वेगळे झाले, मुलगा-सून बदलापूरला राहायला गेले आणि गेल्या वर्षी सासूबाई गेल्या. सासूबाई असेपर्यंत स्वयंपाक तिघांचा असला तरी मी सातांचाच करत होते. येणारं-जाणारं असायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी खपायचं, आणि त्यांच्यासमोर डाळीची वाटी कमी भरायला हात धजायचा नाही. त्या गेल्यावर मी पहिल्यांदा खरोखर दोघांपुरती डाळ घेतली. तेव्हापासून ही आमटी बिघडली आहे.

ह्यांचा पगार अंबरनाथच्या एमआयडीसीतला. महिन्याच्या वीस तारखेनंतर घरात काय उरलेलं असायचं ते त्या पगारावर घर चालवलेल्या प्रत्येक बाईला ठाऊक आहे. अशा घरात एक वाटी डाळीत सात माणसं जेवली पाहिजेत, आणि जेवून उठताना कुणाला आज डाळ कमी होती असं वाटता कामा नये. माझं कसब काय असेल ते एवढंच. पुरणपोळी, बासुंदी ज्यांना येते त्यांना येवो. साहित्य हाताशी असलं की निम्मं काम साहित्यच करतं. पातळ आमटी दाट लागणं हे हाताचं काम आहे.

ती का मिळून येते याचा मी खूप विचार केला आहे. डाळ नुसती मऊ होऊन भागत नाही, तिचे कण इतके बारीक व्हावे लागतात की ते पाण्यात तरंगत राहतील. त्यासाठी घोटणं लागतं, आणि घोटण्याहून जास्त लागते ती मंद आचेवरची लांब उकळी. सातांची आमटी वीस मिनिटं रटरटत ठेवली तरी पातेल्यात पुरेशी राहते. दोघांची तेवढा वेळ ठेवली तर निम्मी आटते. मग पुन्हा पाणी घाला, पुन्हा उकळा, पुन्हा तेच. आटवली तर वरण होतं, वाढवली तर पाणी होतं, आणि या दोहोंच्या मधली आमटी हाती लागत नाही. रवीचीही तीच गत. चार बोटं खोल डाळ असली तर रवी तिला पकडते. पातेल्याच्या तळाला पसरलेल्या डाळीवर ती नुसती खरखरते.

फोडणीचा हिशेब त्याहून वाईट. सात माणसांच्या आमटीला मी दोन चमचे तेल घ्यायची. दोघांसाठी अर्धा चमचा घेऊन पाहा, मोहरी बुडतच नाही. काही तडतडते, काही कच्ची राहते, हिंग जळतो. दीड चमच्याच्या खाली फोडणी नीट होत नाही, म्हणजे माणशी तेल अडीच पटीने वाढलं. गॅसचंही असंच, कुकरची शिट्टी माणसं मोजत नाही. भाजीबाजारात रात्री नऊनंतर भाजीवाले वाटे लावतात. सात माणसांच्या घरात वाट्यातली पिचकी वांगी त्याच रात्री चिरून संपायची. आता वाटा घेतला तर निम्मा टाकायचा, आणि न घेता पाव किलो मागितलं तर भाव चढा. खाणारी तोंडं कमी झाली की खर्च कमी होतो असं लोक म्हणतात. खर्च कमी होतो, पण स्वयंपाक स्वस्त होत नाही.

तेलाचा प्रश्न मी सोडवला आहे. फोडणीची छोटी लोखंडी पळी घ्यायची, तापवायची, आचेवर तिरकी धरायची आणि तेल एका कडेला गोळा होऊ द्यायचं. एका चमच्यात मोहरी पुरी बुडते. पळी सरळ आमटीत बुडवली की पळीला लागलेलं तेलही वाया जात नाही. गेल्या वर्षातला माझा हा एकमेव संपूर्ण विजय.

डाळीचं मात्र तसं झालं नाही. निम्मी मसूर घालून पाहिली. मसूर पटकन विरते, पण तुरीची चव मागे पडते आणि रंग मळकट होतो. २०१५ साली तूरडाळ किलोला २०० रुपयांवर गेली तेव्हा महिनेच्या महिने मी तीन भाग मसूर आणि एक भाग तूर अशी आमटी केली होती आणि ती सातांना आवडली होती. सातांत ती खपते, दोघांत तिचं मसूरपण लपत नाही. शिजलेला भात चमचाभर घोटून घातला. दाटपणा आला, पण पेजेची चव आली. भिजवलेली डाळ कच्ची वाटून लावली, पिठलं झालं. बोअरच्या पाण्यात डाळ शिजवायची तर मी कधीच सोडून दिली आहे, त्यातला चुना डाळीला विरघळू देत नाही. पिण्याच्या पाण्यातून तांब्याभर पाणी डाळीसाठी वेगळं काढते. आतापर्यंत सर्वांत जवळ नेलं ते लाल भोपळ्याच्या फोडीने. डाळीबरोबरच शिजवायची, सालीसकट घोटायची. पण भोपळ्याचा गोडवा चिंचेला दाबतो. मग चिंच वाढवावी लागते, चिंच वाढली की गूळ वाढतो, आणि दोन माणसांच्या आमटीत एवढा सगळा खेळ मावत नाही.

बेसन राहिलं. बेसनाची गोष्ट मला नीट सांगितली पाहिजे.

शेजारच्या बराकीत एक सिंधी म्हातारी राहायची. तिला सगळे दादी म्हणत, मीही म्हणायची. फाळणीनंतर कल्याणच्या लष्करी छावणीत सिंधमधून आलेल्या निर्वासितांना ठेवलं. ८ ऑगस्ट १९४९ रोजी त्या छावणीचं उल्हासनगर झालं. आमच्या बराकी त्याच छावणीतल्या, आणि दादी त्याच माणसांतली, लहानपणी आईचा हात धरून आलेली. तिच्या घरी रविवारी कढी-चावल. सिंधी कढीत ताक नसतं. बेसन तेलावर भाजायचं, पाणी घालायचं, चिंच किंवा कोकम, आणि घरात असतील त्या भाज्या: शेवग्याच्या शेंगा, भेंडी, गवार, बटाटा. चार चमचे बेसनात मोठं पातेलं भरतं आणि एक थेंब वेगळं पाणी सुटत नाही. मी तिला कारण विचारलं, तर तिने मला कारण सांगितलं नाही, चुलीशी उभं केलं. बेसन मंद आचेवर भाजत राहायचं. पिवळं जाऊन बदामी होतं, मग खमंग वास येतो, आणि वास आला म्हणून थांबायचं नाही. तेल कडेने सुटेपर्यंत भाजायचं. मग पाणी उकळतंच, एकदम. "ठंडा पानी डालेगी तो फटेगा, बेटी," ती म्हणायची.

माझ्या सातांच्या आमटीत तेव्हापासून एक चमचा भाजलेलं बेसन जायचं. कुणाला कळलं नाही. नणंदा विचारायच्या, वहिनी, एवढ्याशा डाळीत हे कसं करतेस? मी सांगायची, आमच्या पेणकडची पद्धत आहे. एकदा दादी शेजारी बसलेली असतानाही मी हेच सांगितलं. तिला मराठी चांगलं कळत होतं. ती काही बोलली नाही, वाटीतली आमटी संपवली आणि आणखी मागितली. दादी आता नाही. पेणकडे कुणी आमटीला बेसन लावत नाही. माझ्या हातचं म्हणून जे नाव झालं, त्यातला मोठा भाग दादीच्या घरचा आहे. हे मला तेव्हाही माहीत होतं, आणि कौतुक मला हवं होतं म्हणून मी गप्प राहिले.

दोघांच्या आमटीत तेच बेसन चालत नाही. सातांना एक चमचा, म्हणजे दोघांना पाव चमचा. पाव चमचा बेसन भाजताच येत नाही. कढई तापेपर्यंत करपतं. एकदम भाजून बरणीत भरून ठेवलं, तर आठवड्यात त्याचा वास उतरला. बेसन भाजण्याचा सगळा उपयोग त्या वासात आहे.

आमच्या मागच्या गल्लीत डबे देणारी एक बाई आहे. तिची आमटी दिसायला माझ्यापेक्षा दाट असते. ती कॉर्नफ्लोअर लावते. मला ते पहिल्या घासाला कळलं, आणि कळल्याचा आनंद किती झाला हेही सांगते: त्या दिवशी मी घरी येऊन उगाच दोन वेळा वरण-भात केला. कॉर्नफ्लोअरने पाणी घट्ट होतं, डाळ नाही. जिभेवर ते गुळगुळीत सरकतं आणि मागे काही ठेवत नाही. पोट तासाभरात रिकामं. मोबाइलवर 'पन्नास रुपयांत जेवण' करून दाखवणाऱ्या मुलींचंही मला पटत नाही. त्या डाळ-तांदूळ मोजतात, तेल, मसाला आणि गॅस मोजत नाहीत. ज्या घरात सिलिंडर आठ दिवस आधी संपणं हे संकट असतं, त्या घराला त्या हिशेबाचा काही उपयोग नाही.

आधीच्या बायकांना हा हिशेब तोंडपाठ होता. कमलाबाई ओगल्यांची 'रुचिरा' १९७० साली आली ती वाटी-चमच्याची मापं घेऊन, आणि माझ्यासारख्या कितीजणी त्या मापांवर स्वयंपाकाला लागल्या. तेव्हाच्या महागाईत मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकरांच्या मागे बायका लाटणी घेऊन रस्त्यावर उतरल्या. तेलाचा, डाळीचा भाव त्यांच्या जिभेवर होता. प्रेमा पुरवांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते गिरणी कामगारांच्या खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी. त्या बायकांबद्दल मी नेहमी विचार करते. एकेकीकडे दहा-पंधरा जेवणारे. त्यांच्या आमटीला हा माझा आजार कधी झाला नसणार. सरकारी शिवभोजन थाळीचं वरण २०२० साली दहा रुपयांत मिळू लागलं, आणि त्याला नावं ठेवणाऱ्यांशी मी भांडते. मोठ्या पातेल्यातलं वरण आहे ते. साधं असेल, पण मिळून आलेलं असतं.

पंगत असली तर स्वयंपाक स्वस्त होतो, हे मला आता पटलं आहे. हात तितकाच चांगला असला तरी एकट्या-दुकट्याला ते जमत नाही. दोन दिवसांचं वरण एकदम शिजवून फ्रिजमध्ये ठेव, रोज नुसती फोडणी दे, असं सूनबाईने सुचवलं. तिचं बरोबर आहे. दुसऱ्या दिवशी वरण आणखी दाट होतं आणि तिचा तसा संसार चालतो. मी करून पाहिलं. आमटी मिळून आली. पण डाळ शिजण्याचा वास सकाळी घरात आला नाही, आणि त्या दिवशी मला स्वयंपाक केल्यासारखं वाटलं नाही.

आमच्या वरच्या माळ्यावर जीन्स शिवणारी दोन मुलं भाड्याने राहतात. वालधुनी नदीच्या प्रदूषणापायी धुलाईचे कारखाने इथून गेले, पण शिवणकाम टिकून आहे, आणि ते करायला मुलं अजून येतात. एक परभणीकडचा, मला काकू म्हणतो. दुसरा उत्तर प्रदेशातला, त्याची मी आंटी. दोघं वडापाव नाहीतर अंडा-पाव खाऊन राहायची. मागच्या महिन्यापासून रात्रीचं जेवण माझ्याकडे. पैसे घेते, कारण फुकट दिलं तर ती वाढून मागणार नाहीत, आणि मला त्यांनी वाढून मागायला हवं आहे. ताटात आमटी किती उरली ते मी बघत असते. पहिल्या दिवशी काहीच उरलं नाही तेव्हा रात्री झोपेपर्यंत त्याच आनंदात होते. या वयात एवढी हाव बरी नव्हे, पण ती आहे.

चौघांची आमटी आता बरीचशी मिळून येते. रवीला डाळ सापडते. अर्धा चमचा बेसन नीट लक्ष ठेवलं तर भाजता येतं. पंधरा मिनिटं उकळी टिकते. सातांसारखी अजून नाही. वाटीत पाच मिनिटं ठेवली तर वर पाण्याची एक बारीक कड दिसते, आणि ती काढण्यासाठी मी सध्या भोपळ्याऐवजी दुधीचा कीस घालून बघते आहे.

बेसन कुठून आलं ते मी या दोघांना पहिल्याच आठवड्यात सांगितलं. त्यांना त्यात फार रस नव्हता. त्यांची तक्रार वेगळी आहे: आमटी गोड लागते. परभणीच्या घरी गूळ घालत नाहीत, आणि उत्तर प्रदेशात तर डाळीत गूळ ऐकलेलाच नाही. तिखट वाढवून द्यायला मी तयार आहे, वरून लसणाची फोडणी द्यायलाही तयार आहे. गूळ मात्र काढणार नाही. तेवढा तरी पेणचा आहे.