चोविसाव्या हिश्शाची मोटार

मॉरिशसमधील वाक्वा येथे राहणाऱ्या एका सेवानिवृत्त शिक्षकांच्या घरी, देवघराला लागून असलेल्या लहानशा खोलीत, खिडकीजवळ एक टेबल आहे. त्यावर बारीक कानशी, चिमटे, सुया, दाढीच्या पात्याचे तुकडे, रंगांच्या बोटभर उंचीच्या डब्या आणि एक भिंग अशी सामग्री सदैव मांडलेली असते. ही कोणा घड्याळजीची बैठक असावी, असे नवख्यास वाटते. परंतु तेथे घड्याळे होत नाहीत, मोटारी होतात. खऱ्या मोटारीच्या चोविसाव्या हिश्शाएवढ्या, तळहातावर मावणाऱ्या!

छंद लागला तो निवृत्तीनंतर. मुलीने वाढदिवसानिमित्त तामिया ह्या जपानी कंपनीची एक पेटी भेट दिली. तीत मॉरिस मिनी मोटारीचे सुटे प्लास्टिकचे भाग होते. मूळ मिनी अवघी दहा फूट लांब. तिची प्रतिकृती पाच इंचांची झाली. पेटीतले भाग चिकटविणे हे काम काही कठीण नव्हे. शाळकरी पोरही ते करील. खरी साधना त्यानंतर सुरू होते. इंजिनाच्या चार प्लगांकडे जाणाऱ्या वायरी केसाएवढ्या तारेच्या करावयाच्या; खिडक्यांच्या चकाकत्या कडांसाठी मिठाईवरील वर्खासारखा चंदेरी पत्रा चिकटवून धारदार पात्याने कापावयाचा; चाकांच्या रबराची नवी झळाळी पॉलिशपेपरने घालवावयाची. रंगसुद्धा मूळ डब्यातला जसाच्या तसा चालत नाही, कारण लहान वस्तूवर तोच रंग अधिक गडद दिसतो. त्यात थोडा पांढरा मिसळावा लागतो. एक मिलिमीटर जाडीचे प्लास्टिक हाताला पातळ लागते खरे, पण चोविसाव्या हिश्शाच्या हिशेबाने ते जवळजवळ इंचभर जाडीची फळी ठरते! म्हणून दरवाजांच्या आणि खिडक्यांच्या कडा आतून कानशीने घासून कागदासारख्या करावयाच्या. डोळ्यास न दिसणाऱ्या चुकाही ह्या छंदात मनास बोचू लागतात.

दोन-तीन मोटारी हातून उतरल्यावर गुरुजींच्या मनात एक जुनी इच्छा डोके वर काढू लागली. त्यांचे वडील टॅक्सी चालवीत असत. ती गाडी मॉरिस मायनर होती. ऊस तोडण्यात ज्या घराण्याच्या दोन पिढ्या गेल्या, त्या घराण्यातील पहिली मोटार; तीही जुनी घेतलेली, कर्जाऊ रकमेने. तीच मोटार पुन्हा घडवावी, असे त्यांनी ठरविले.

मायनर आणि मिनी ह्या दोन्ही मोटारी ॲलेक इसिगोनिस ह्याच अभियंत्याच्या कल्पनेतून उतरल्या; मायनर १९४८ साली बाजारात आली आणि मिनी १९५९ साली. मायनरचा नमुना तयार झाल्यावर ती इसिगोनिसच्या डोळ्यांस फार अरुंद वाटली. तेव्हा त्याने ती गाडी लांबीच्या दिशेने मधोमध कापविली आणि दोन अर्धुके दूर सरकवीत नेली. चार इंचांचे अंतर पडले तेव्हा कुठे त्याचे समाधान झाले. मायनरच्या बॉनेटवर मधोमध जो सपाट पट्टा दिसतो, तो त्या चार इंचांचाच. ही हकीकत वाचून गुरुजींस मोठा धीर आला. मोठ्यांनाही कापून पुन्हा जोडावे लागते तर!

त्यांनी लाकडाच्या ठोकळ्यातून गाडीचा आकार कोरला. पातळ प्लास्टिकचा पत्रा तापवून त्यावर ताणून बसविला. तीन ठोकळे वाया गेले, चौथा साधला. दोन दरवाजांमधील खांबात मुडपून बसणारा दिशादर्शक हात हे सर्वांत नाजूक काम. १९६१ पर्यंतच्या मायनर गाड्यांना वळणाची खूण देण्यासाठी असा नारिंगी हात असे. वळताना तो टपकन बाहेर येई. लहानपणी तो पाहण्यासाठी बाबांनी उगाचच वळण घ्यावे, असा भावंडांचा हट्ट असे. गव्हाच्या दाण्याहून लहान असा तो हात गुरुजींनी चार दिवस घालवून घडविला.

गाडीचे एकच छायाचित्र घरात होते. ते समोर ठेवून प्रत्येक रेघ पडताळून घेतली. आठ महिन्यांनी मोटार पुरी झाली. फिकट राखी रंग, आरशासारखे अंग, कोठे ओरखडा म्हणून नाही.

गणेश चतुर्थीस थोरल्या भगिनी दर्शनास आल्या. त्यांनी चष्मा सावरून मोटार हाती घेतली, तो नारिंगी हात पाहून हसल्या, आणि मग मोटार फिरवून तिची डावी बाजू न्याहाळू लागल्या.

“छान केलीस रे,” त्या म्हणाल्या. “पण ही बाबांची गाडी नव्हे. ही विकलेली गाडी.”

गुरुजी काही बोलले नाहीत. बोलण्यासारखे काही नव्हतेच, कारण भगिनींचे म्हणणे खरे होते.

१९६० च्या फेब्रुवारीअखेर कारोल चक्रीवादळ मॉरिशसवर आले. ताशी अडीचशे किलोमीटरांहून अधिक वेगाचे झोत त्या वादळात होते. कुटुंबाने शाळेच्या दगडी इमारतीत आसरा घेतला. परत येऊन पाहतात तो घराचे छप्पर नाहीसे झालेले, आणि त्याचाच एक पत्रा उडून गाडीच्या डाव्या बाजूच्या मागल्या दरवाजावर आदळलेला. दरवाजास वीतभर रुंदीचा पोचा पडला होता. घरावर छप्पर चढेपर्यंत आई आणि मुले कित्येक रात्री त्या गाडीतच झोपली. पुढे पैसा आला तो आधी भिंतींना लागला, मग छपराला, मग कर्जाला. पोच्याची पाळी कधी आलीच नाही. दहा वर्षे ती गाडी तशीच धावली. वाक्वाच्या थांब्यावर लोक तिला त्या पोच्यावरूनच ओळखीत.

मग धाकट्याच्या महाविद्यालयाच्या फीचा प्रश्न उभा राहिला. मॉरिशसमध्ये माध्यमिक शिक्षण विनामूल्य झाले ते १९७७ साली. त्यापूर्वी अनेक घरांत मुलाची फी म्हणजे एखादी गाय, एखादा दागिना असे. ह्या घरात ती मोटार ठरली. किंमत बरी यावी म्हणून वडिलांनी प्रथमच तो दरवाजा ठोकून, लांबी भरून, रंगवून घेतला. विक्रीच्या दिवशी कोणीतरी छायाचित्र काढले. पंधरा वर्षांच्या त्या मुलाने दारात उभी असलेली ती गुळगुळीत मोटार पाहिली, आणि क्षणभर ही कोणाची गाडी आली, हे त्याला कळेना. अर्ध्या शतकानंतर त्याने घडविली ती नेमकी हीच गाडी.

प्रतिकृती करणाऱ्यांत ह्या विषयावर दोन मते आहेत. कारखान्यातून निघाली तशी कोरी मोटार दाखवावी, असे एक मत. वापराने, धुळीने, गंजाने झाली तशी दाखवावी, हे दुसरे. गुरुजी पहिल्या मताचे. आपल्या वडिलांचे दारिद्र्य काचेच्या कपाटात मांडावयाचे काय, असा प्रश्न त्यांस कित्येक दिवस छळीत राहिला.

त्याच सुमारास मोका येथील महात्मा गांधी संस्थेत ते एका निराळ्याच कामासाठी गेले. गिरमिटी मजुरांच्या आगमनाच्या नोंदवह्या तेथे जतन केलेल्या आहेत. त्यांच्या पणजोबांची नोंद सापडली. क्रमांक, बापाचे नाव, वय, उंची, जिल्हा रत्नागिरी. आणि पुढे ओळख पटविण्यासाठी शरीरावरील खुणेचा रकाना: उजव्या भुवईवर व्रण. तो व्रण कशाने झाला, हे वहीत लिहिलेले नाही. लिहिणाऱ्या कारकुनास त्याच्याशी कर्तव्यही नव्हते. त्याला केवळ एक माणूस दुसऱ्यापासून वेगळा काढावयाचा होता. पण शंभराहून अधिक वर्षांनी ते पान वाचणाऱ्या पणतूस क्रमांकाने काहीच दिसले नाही, उंचीनेही नाही. त्या भुवईवरील व्रणाने मात्र एक चेहरा दिसला. घरी परतताना बसमध्ये ते आपल्या उजव्या भुवईवरून पुन:पुन्हा बोट फिरवीत होते.

पोचा पाडणे हे पोचा काढण्याहून अवघड असते. वीतभर पोचा चोविसाव्या हिश्शात सुपारीहूनही लहान होतो, आणि इंचभर खोली म्हणजे मिलिमीटरभर. दरवाजाचे प्लास्टिक त्याहून पातळ. कोरावयास जावे तर आरपार भोक पडणार. उष्णतेने आत दाबणे हाच मार्ग, आणि उष्णता थोडी अधिक झाली तर दरवाजाबरोबर सारी बाजू वाकून आठ महिन्यांचे काम मातीमोल होणार. गुरुजींनी टाकाऊ तुकड्यांवर पंधरा-वीस वेळा सराव केला. मग एके सकाळी दरवाजाचा रंग खरवडला, उकळत्या पाण्यात बुडविलेल्या चमच्याची पाठ त्यावर टेकली, आणि दहापर्यंत आकडे मोजले. पत्रा हळूच आत गेला. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. पोच्याच्या वरच्या कडेला पत्र्याने ओढलेली तिरपी रेघ होती; ती त्यांनी सुईने काढली. त्या रेघेसाठी छायाचित्राची गरज पडली नाही.

आता ती मोटार कपाटात आहे. डावी बाजू दर्शनी ठेवलेली आहे. सुट्टीत आलेला सहा वर्षांचा नातू ती पाहून म्हणाला, “आजा, ही मोडली आहे. दुरुस्त का नाही करत?”

आजोबांनी मोटार त्याच्या हातात दिली. मुलाने पोच्यात करंगळीचे टोक घालून पाहिले. ते अगदी बरोबर बसले.

“बस असा इथे,” आजोबा म्हणाले, “सांगतो.”