आठ अमिनो आम्लांची करामत

मॉर्फिन वेदना शमवतं, गुंगी आणतं, एवढंच मी आजवर ऐकून होतो. ते शरीराचं तापमानही हलवतं! उंदराला थोडं मॉर्फिन दिलं की त्याचं अंग तापतं; मात्रा बरीच वाढवली की तेच अंग गार पडू लागतं. एकाच औषधाच्या या दोन उलट्या चाली वाचल्यापासून मला दुसरं काही सुचेनासं झालंय.

फिलाडेल्फियाच्या टेंपल विद्यापीठात मार्टिन ॲडलर, एलन गेलर आणि सहकाऱ्यांनी हे कोडं उकलायला हाताशी घेतलं एक पेप्टाइड, सीटीएपी. अवघ्या आठ अमिनो आम्लांचं! मेंदूत अफूवर्गीय द्रव्यं ज्या रिसेप्टरांना चिकटतात, त्यांतल्या म्यू रिसेप्टरवर ते जाऊन बसतं आणि स्वतः काही न करता नुसती जागा अडवतं. त्यांच्या १९९२ च्या प्रयोगात म्यूला चेतवणारं द्रव्य थेट उंदरांच्या मेंदूतल्या पोकळीत सोडलं, तेव्हा तापमान चढलं. सीटीएपीने ते चढणं रोखलं. मग शरीर स्वतःच तयार करतं ते डायनॉर्फिन दिलं. ते कप्पा रिसेप्टरला चेतवतं, आणि तापमान उतरलं! ही उतरण रोखायला मात्र कप्पाला अडवणारं वेगळं द्रव्य लागलं. तिसऱ्या, डेल्टा रिसेप्टरने फारसं काही केलं नाही. म्यू तापवतो, कप्पा निववतो. किती स्वच्छ प्रयोग!

आणि हे सीटीएपी आलं कुठून? सोमॅटोस्टॅटिनमधून! वाढीच्या हार्मोनला लगाम घालणारं, १९७३ मध्ये सापडलेलं हे चौदा अमिनो आम्लांचं हार्मोन अफूच्या रिसेप्टरांनाही जरासं चिकटतं. ॲरिझोना विद्यापीठात व्हिक्टर ह्रुबी यांच्या गटाने हा दुबळा धागा पकडला. साखळी आखूड केली, दोन अमिनो आम्लं आरशातल्या प्रतिमेसारखी उलट्या घडणीची घेतली आणि पेनिसिलमाइन गुंफून तिचं कडं वळवलं. विल्सनच्या आजारात शरीरातलं जादा तांबं काढायला देतात, तेच हे पेनिसिलमाइन! त्या जराशा चिकटण्यातून म्यूवर नेमका बसणारा अडसर घडला. रसायनशास्त्रातली अशी कारागिरी मी प्रथमच इतक्या जवळून पाहतोय.

शस्त्रक्रियेनंतर भूल उतरताना पेशंट कुडकुडतो, तेव्हा पेथिडीन देतात. तेही अफूवर्गातलंच, आणि त्या कुडकुडीला थांबवण्यात कप्पाचा वाटा असावा असं मानतात. आता मी तेच वाचायला घेतलंय.