सोनकीचे माहेर

मैत्रिणींनो, तुमच्या माहेरचे असे एखादे फूल आहे का, जे दिसल्याशिवाय भाद्रपद आल्यासारखे वाटतच नाही? माझे आहे. माझे माहेर अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या बाजूला. पाऊस ओसरू लागला की रतनगड, हरिश्चंद्रगडाकडचे उतार सोनकीने पिवळेधमक होतात. सासर मात्र पारनेर. जिल्हा एकच, पण इकडे पाऊस बेताचा. माळरान आणि बाजरी.

आई गेली त्या वर्षी भाऊ म्हणाला, “ताई, आईचं काय हवं ते ने.” मी साडी घेतली नाही की भांडे घेतले नाही. घरामागच्या उतारावरची सोनकीची चार फुललेली रोपे मुळासकट उपटली, ओल्या फडक्यात गुंडाळली आणि एस.टी.त मांडीवर धरून पारनेरला आणली. कुंडीत लावली. आठ दिवसांत चारही रोपांनी माना टाकल्या. आईच्या वेळी न आलेले रडू त्या कुंडीपाशी आले हो!

पुढे शाळेत अर्धवेळ शिकवू लागले. फुलाचा धडा घेताना वाचले, की सूर्यफूल, झेंडू, शेवंती आणि आमची सोनकी एकाच कुळातल्या. आपण ज्याला एक फूल म्हणतो, तो पुष्कळ बारीक फुलांचा गुच्छ असतो. कडेची प्रत्येक ‘पाकळी’ हे एक फूल आणि मधल्या चकतीतला प्रत्येक ठिपकाही फूलच. अगदी एकत्र कुटुंब! आणि सोनकीचे आयुष्य एकाच हंगामाचे. फुलायचे, केसाळ बी वाऱ्यावर सोडायचे आणि संपायचे. म्हणजे ती रोपे जाणारच होती, पण बी मागे ठेवून गेली असती. ते मी होऊ दिले नाही.

परवा धाकटा अंगणात पडला. सासूबाईंनी कुंपणाकडेची एकदांडी चोळून गुडघ्याला लावली. (जखम मोठी असेल तर मात्र डॉक्टरच बरे!) मी म्हटले, “आत्याबाई, हीसुद्धा सोनकीच्याच कुळातली. पण मूळची आपली नाही, अमेरिकेकडून आलेली.” त्या म्हणाल्या, “असंल. पण रुजली ना? पहिल्या वर्षी तिलाही जड गेलं असंल.” मी काही बोलले नाही. त्याही माझ्याकडे न बघता आत गेल्या.

आता दर भाद्रपदात माहेरी जाते, उतारावर घटकाभर बसते आणि रिकाम्या हाताने परतते. तुम्ही भंडारदऱ्याला गेलात, किंवा २०१२ साली जागतिक वारशाच्या यादीत गेलेल्या कास पठारावर गेलात, तर मुलांना एवढे जरूर सांगा: वेणीला शेवंती आहे, तोरणाला झेंडू आहे, सोनकी तिच्या उतारावरच राहू द्या. बी झडले, तरच पुढच्या वर्षी डोंगर पिवळा होईल.