आधी कोणाचं दळण होतं?

मंडळी, सध्या मी एका यंत्राची वाट बघतोय. घरी कॉफी दळायचं यंत्र, तेही 'सिंगल डोस'. किंमत इथे लिहीत नाही, कारण हा ब्लॉग मामा आणि दोन्ही काका वाचतात आणि पुढच्या लग्नकार्यात मला त्यांच्यासमोर उभं राहायचंय :-)

हे सिंगल डोस काय प्रकरण आहे, असं ऑफिसात विचारलं तेव्हा मी बरंच तांत्रिक बोललो आणि कोणालाच काही कळलं नाही. मग आजी आठवली. गिरणीत डबा ठेवताना तिचा पहिला प्रश्न असायचा, "आधी कोणाचं दळण होतं?" बाजरी असेल तर ती थांबायची, मागच्या एखाद्या गहूवालीला पुढे जाऊ द्यायची. उपासाचं दळण असेल तर मग विचारूच नका. गिरणीच्या पोटात आधीच्याचं थोडं पीठ राहतं आणि ते आपल्या डब्यात येतं, हे तिला पक्कं ठाऊक होतं. कॉफीच्या ग्राइंडरचंही अगदी तेच!

नेहमीच्या ग्राइंडरला वर एक नरसाळ्यासारखा डबा असतो. त्यात पाव किलो बिया ओतायच्या आणि लागेल तसं दळायचं. दुकानात हे ठीक आहे, तिथे दिवसभर कप सुटत असतात. घरी मात्र त्या बिया आठवडाभर हवेत शिळ्या होतात, आणि आत दात्यांच्या आसपास कालची पूड बसून राहते ती वेगळीच. सिंगल डोसमध्ये डबाच नाही. एका कपाच्या बिया वजन करून घालायच्या, तेवढीच पूड बाहेर. म्हणजे आपली जात्यातली वैरणच की! मूठ घाला, मूठ दळा. शेवटी वर एक रबरी भाता असतो, तो दोनदा दाबला की आत अडकलेली पूड बाहेर येते.

पूड चिकटते ती विजेमुळे. बिया फुटताना, घासताना स्थिर वीज तयार होते. त्यावर उपाय म्हणजे दळण्याआधी बियांवर पाण्याचा एखादा थेंब! शौकीन लोक हे कितीतरी वर्षं करत आलेत. २०२३ मध्ये ओरेगन विद्यापीठातल्या संशोधकांनी 'मॅटर' या नियतकालिकात मोजमापासकट दाखवलं की ओलाव्याने ही वीज खरंच कमी होते. (आजी भाजणीला पाण्याचा हात लावायची का, हे विचारायचं राहूनच गेलं.)

आता एवढा खटाटोप कशासाठी? तर आईसाठी.

आई माटुंग्याला वाढली. शेजारच्या मामींकडून ती स्टीलच्या फिल्टरची कॉफी शिकली आणि वर आपलं जायफळ घालायला लागली. मामींना ते कधीच पटलं नाही. दुपारी चार वाजता एक कप, हा तिचा वर्षानुवर्षांचा नेम. गेल्या वर्षी छातीत धडधडायला लागलं तेव्हा डॉक्टरांनी कॅफिन बंद करायला सांगितलं, डिकॅफ चालेल म्हणाले. इन्स्टंट डिकॅफ आणलं, तर तिने एक घोट घेऊन कप बाजूला ठेवला. दळलेली डिकॅफ पूड पाव किलोची. तिला कपाला लागते बारा ग्रॅम, म्हणजे पाकीट वीस दिवस पुरणार, आणि त्याचा वास चौथ्या दिवशीच गेलेला. मग डिकॅफच्या बिया आणल्या.

आणि इथे दळणाचा प्रश्न आला. मी काट्यावर मोजून बघितलं. स्वच्छ केलेल्या आमच्या ग्राइंडरमध्ये पंधरा ग्रॅम घातले, तर जेमतेम बारा बाहेर आले. तीन ग्रॅम आतच! म्हणजे माझ्या सकाळच्या कॉफीनंतर आईची दळली की तिच्या बारा ग्रॅममध्ये पाव हिस्सा माझ्या कॉफीचा असू शकतो. रोज यंत्र उघडून ब्रशने साफ करायला मी तयार होतो. दोन आठवडे केलंही. मग एक दिवस आई म्हणाली, "राहू दे रे, एका कपासाठी एवढं कशाला?" तेव्हापासून ती चार वाजता कोमट पाणी पिते. हातगिरणी आहे घरात, पण मनगटाने ती फिरवणं तिला जमत नाही आणि चार वाजता मी ऑफिसात असतो.

नवीन यंत्राने सगळं सुटेल का? जाहिरातीत म्हणतात, घातलं तेवढं बाहेर येतं. पण त्यात एक गोम आहे. पंधरा घातले आणि पंधराच आले, तरी त्यातला एक ग्रॅम कालचा आणि आजचा एक आत, असं होऊ शकतं. काटा ते सांगत नाही. म्हणून मी ठरवलंय, आधी दोन ग्रॅम डिकॅफ दळून टाकून द्यायचं आणि मग तिचे बारा. शिवाय डिकॅफच्या बिया जास्त ठिसूळ असतात, त्यामुळे दात्यांमधलं अंतर वेगळं ठेवावं लागेल. तिच्यासाठी डायलवर लाल टिकली लावून देणार आहे. मग बटण दाबणं, भाता दाबणं, एवढंच काम.

पार्सल निघालंय म्हणतात. ओट्यावरचा मिक्सर सरकवून जागा केलीये. डिकॅफच्या बरणीवर नाव लिहिलंय. आईला मी अजून काही बोललो नाहीये, पण परवा ती बाजारातून दोन जायफळं घेऊन आली. विचारलं तर म्हणाली, "खीर करायचीये."