तार आली ती तारीख, तार चालली ते दिवस

१/१५
आजचा धागा एका खोक्याविषयी आणि एका नोंदवहीविषयी आहे. चंद्रपुरात जटपुरा गेटच्या आतल्या बाजूस माझ्या मामांचे घर आहे. गेल्या दिवाळीत तेथील माळा आवरताना या दोन्ही वस्तू एकाच पिशवीत सापडल्या. खोके राखाडी रंगाचे, त्यावर बारीक दिवे. वही दोनशे पानी, वर मामांच्या अक्षरात ‘लाइन बंद’. पिशवी रद्दीत जाणार होती. मी ती मागून घेतली.

२/१५
इतिहासाच्या विद्यार्थ्याला या भागातील तारेचा उल्लेख प्रथम भेटतो तो १८५८ च्या उठावात. २९ एप्रिल १८५८ रोजी प्राणहितेकाठच्या चिंचगुंडी येथील तळावर बाबूराव शेडमाके आणि व्यंकटराव यांच्या लोकांनी हल्ला केला. तारखात्याचे गार्टलँड आणि हॉल हे दोघे मारले गेले, पीटर नावाचा तिसरा निसटला. त्याच वर्षी २१ ऑक्टोबरला बाबूरावांना चांद्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली.

३/१५
म्हणजे या अरण्यात तार आधी इतिहासात शिरली, घरात पुष्कळ नंतर. तेव्हापासूनच्या कागदपत्रांची एक खोड मला जाणवते. तार कधी आली, केंद्र कधी उघडले, फीत कोणी कापली, हे त्यांत मिळते. ती तार दुसऱ्या दिवशी चालू होती का, हे मात्र क्वचितच मिळते. मामांच्या वहीत नेमके तेवढेच आहे: तारीख, वेळ, दिवा कोणता लागला, कोणता विझला.

४/१५
आता खोक्याकडे वळू. आयएसडीएन म्हणजे इंटिग्रेटेड सर्व्हिसेस डिजिटल नेटवर्क. त्याच्या पहिल्या आंतरराष्ट्रीय शिफारशी १९८४ मध्ये प्रसिद्ध झाल्या. जपानने १९८८ मध्ये व्यापारी सेवा सुरू केली. कल्पना साधी होती. दूरध्वनी केंद्रे आपापसांत अंकांच्या भाषेत बोलू लागली होती. केंद्रापासून घरापर्यंतचा शेवटचा टप्पा मात्र जुन्याच पद्धतीने आवाजाच्या लहरी वाहत होता. आयएसडीएनने तोही टप्पा अंकीय केला, आणि तोही तांब्याच्या त्याच जुन्या जोडीवर.

५/१५
त्या एका जोडीवर तीन वाहिन्या चालत. ६४ किलोबिटच्या दोन वाहिन्या बोलण्यासाठी किंवा माहितीसाठी, आणि १६ किलोबिटची तिसरी केवळ संकेतांसाठी: कोणाला जोडायचे, कधी तोडायचे. दोन्ही मोठ्या वाहिन्या एकत्र बांधल्या की १२८ किलोबिटचा वेग मिळे. पण मग आकारणीही दोन कॉलची होई. मामांच्या सायबर कॅफेत सहा संगणक या १२८ किलोबिटवर गुण्यागोविंदाने नांदत. २००४ च्या धोरणाने ब्रॉडबँडची किमान मर्यादा २५६ ठरवली, तेव्हा हा वेग त्या व्याख्येच्या निम्माच निघाला.

६/१५
सगळे त्या यंत्राला ‘डिजिटल मोडेम’ म्हणत. वस्तुतः तो मोडेम नव्हताच. मोडेम अंकांचा आवाज करतो आणि आवाजाचे अंक. येथे आवाज करण्याची गरजच उरली नव्हती. खरे नाव टर्मिनल अ‍ॅडाप्टर. तरी संगणक त्याला जुन्या मोडेमच्याच आज्ञा देई, आणि त्या तो निमूट पाळी. १९६४ मध्ये चांद्याचे चंद्रपूर झाले: नाव बदलले, गाव तेच राहिले. येथे उलटे घडले. वस्तू बदलली, नाव तेच राहिले.

७/१५
जोडणी अशी. खांबावरच्या डीपी बॉक्समधून निघालेली ड्रॉप वायर घरातल्या रोझेटपर्यंत येई. तेथून दोन तारा ‘एनटी-१’ या खोक्यात जात. त्यांत उलटसुलट झाले तरी बिघडत नसे. खोक्यातून पुढे चार तारांची एक वाट निघे आणि तिच्यावर आठपर्यंत यंत्रे बसत. या चार तारांत मात्र उलटसुलट चालत नसे, आणि वाटेच्या दोन्ही टोकांना १०० ओहमचा रोध लागे. तो नसेल तर संदेश टोकावर आपटून परत येई आणि मागून येणाऱ्यावर आदळे.

८/१५
आणखी एक भेद होता. साधा फोन केंद्राकडून येणाऱ्या ४८ व्होल्टवर चाले. घरची वीज गेली तरी तो जिवंत असे. हे खोके आणि मोडेम मात्र घरच्या विजेवर चालत. १९८३ पासून वीज निर्माण करणाऱ्या, तेव्हा २,३४० मेगावॅट क्षमतेचे औष्णिक केंद्र असलेल्या या जिल्ह्यातही वीज जाई. वहीतल्या कित्येक नोंदींपुढे एकच शब्द आहे: ‘वीज’. राख आमच्या गच्चीवर पडे आणि दिवा खोक्यावरचा विझे, असे मामा आजही म्हणतात.

९/१५
यातली सर्वांत कठोर अट अंतराची. या पद्धतीत केंद्रापासून घरापर्यंतची तार साधारण साडेपाच किलोमीटरपेक्षा लांब चालत नसे. एवढ्या त्रिज्येचे वर्तुळ काढले तर क्षेत्र भरते सुमारे ९५ चौरस किलोमीटर, आणि तार सरळ रेषेत कधीच जात नसल्यामुळे प्रत्यक्षात त्याहूनही कमी. २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपुरातून वेगळा झालेला गडचिरोली जिल्हा १४,४१२ चौरस किलोमीटरचा आहे, आणि त्याचा तीनचतुर्थांश भाग जंगल.

१०/१५
म्हणून आयएसडीएनचा या प्रदेशातला नकाशा काढायचा झाला तर तो मोठ्या केंद्रांभोवतीच्या काही ठिपक्यांचाच निघेल. भामरागड, एटापल्ली, सिरोंच्याकडील गावांचा प्रश्न वेगळाच होता. दूरच्या खेड्यांतल्या सार्वजनिक फोनसाठी देशभर रेडिओ दुव्यांचा आधार घेतला गेला. सी-डॉटने १२८ जोडण्यांचे, वातानुकूलनाशिवाय चालणारे ग्रामीण केंद्र घडवले. पहिले १९८६ मध्ये कर्नाटकातील कित्तूरला बसले. शहर अंकांच्या वेगाची भाषा बोलत असताना जंगल पहिल्या घंटीचीच वाट पाहत होते. मामांचे घर वर्तुळाच्या आत होते. तक्रार करण्याची चैन त्यांना परवडत होती, हे वही वाचताना विसरून चालणार नाही.

११/१५
आता मूळ कथा. साल २००२. एप्रिलमध्ये जोडणी झाली आणि उन्हाळाभर सुरळीत चालली. जूनमध्ये मृग बरसला आणि दिवा लुकलुकू लागला. साधी तार आजारी पडली की खरखरते, कुरकुरते. ऐकणाऱ्याला दुखणे कळते. अंकीय तार तसे करत नाही. सोसवते तोवर ती निर्मळ चालते आणि सोसवेनासे झाले की एकदम गप्प होते. काठावर उभे असलेले दुखणे तिच्या चेहऱ्यावर दिसतच नाही.

१२/१५
मामांनी तक्रार केली. लाइनमन भर पावसात आले. पिलर उघडून पाहिले, खांबावर चढून डीपी बॉक्स तपासला. बाहेर दोष नाही, म्हणाले. मामांनी दुसऱ्यांदा बोलावले, तिसऱ्यांदा बोलावले. बारावीचा निकाल बघायला आलेली मुले रस्त्यावर ताटकळत होती. त्या दिवशी मामा त्या माणसाला चारचौघांत नको ते बोलले. वहीत ते शब्द नाहीत. तेथे फक्त पेन कागदातून आरपार गेलेले आहे. मात्र त्याच पानावर, पहिल्या भेटीच्या नोंदीत, लाइनमनने दिलेला सल्लाही लिहिलेला आहे: घरातली तार सोडवून बघा. मामांनी तो टिपून घेतला आणि पाळला नाही.

१३/१५
तीन आठवड्यांनी तो पाळला. क्रम असा: प्रथम घरातल्या सर्व तारा रोझेटपाशी सोडवायच्या आणि खोके थेट बाहेरून येणाऱ्या जोडीला लावायचे. दिवा स्थिर झाला, तर बाहेरची तार निर्दोष. मग घरातली एकेक तार परत जोडत जायची आणि दर वेळी दिव्याकडे पाहायचे. खोके थेट लावताच दिवा स्थिर झाला. वरच्या मजल्याकडे जाणारी तार जोडताच पुन्हा लुकलुकू लागला. आजीच्या खोलीत पूर्वी एक समांतर फोन होता. आयएसडीएन घेताना तो काढला. भिंतीतली तार तशीच राहिली. तिच्या मोकळ्या टोकावरून संदेशाचा प्रतिध्वनी उठत होता. उन्हाळ्यात खोके तो निस्तरत होते. पावसात टोक भिजले आणि ते हरले.

१४/१५
त्या दिवशीची नोंद दोनच शब्दांची: ‘दोष घरातच’. त्या लाइनमनची क्षमा मागितली का, असे मी मामांना विचारले. ते बराच वेळ खोके हातात फिरवत राहिले. म्हणाले, त्याची बदली झाली होती. मग म्हणाले, शोधला असता तर सापडला असता.

हा धागा लिहिण्याचे कारण हे उत्तर आहे. आमच्या भागाविषयी लिहिताना मीही सगळा दोष अंतरावर आणि जंगलावर टाकत आले. नववा आणि दहावा भाग सांगतो की अंतर खरे होते. तेरावा भाग सांगतो की वर्तुळाच्या आत राहणाऱ्यांनी आधी स्वतःच्या भिंतीतली तार तपासायला हवी होती. बाहेरच्या दोन माणसांची नावे १८५८ च्या नोंदींत टिकली. २००२ मध्ये पावसात खांबावर चढलेल्या माणसाचे नाव आमच्या घरच्या वहीतही नाही. तेथे तो फक्त ‘लाइनमन’ आहे.

१५/१५
तार आली ती तारीख सरकारी कागदांत मिळेल. तार चालली ते दिवस मात्र अशा वह्यांतच राहिले आहेत: पीसीओवाल्यांच्या, लाइनमनच्या, सायबर कॅफेवाल्यांच्या, पोस्टमास्तरांच्या. चंद्रपूर-गडचिरोलीकडील कोणाच्या माळ्यावर अशी वही असेल, तर कृपया रद्दीत देऊ नका. आणि वहीत कामगाराचे नाव नसेल, पण घरातल्या कोणाला आठवत असेल, तर ते आजच समासात लिहून ठेवा. आमच्या वहीसाठी मी तेच विचारत फिरते आहे.

धागा समाप्त.