नाताळची बेगमी

मराठीतल्या काही शब्दांवर माझा विशेष लोभ आहे. 'बेगमी' हा त्यांपैकी एक. शब्द मूळचा फारसी. 'बे' म्हणजे विना आणि 'गम' म्हणजे दुःख, काळजी. काळजी उरली नाही ही अवस्था म्हणजे बेगमी. आणि ती यावी म्हणून आधीपासून करून ठेवलेली तजवीज, तीही बेगमीच. हा दरबारी शब्द आमच्या बायकांनी उचलला आणि सरळ कोठीच्या खोलीत बरण्यांच्या रांगेत नेऊन ठेवला. तिथे तो जितका शोभतो तितका दरबारातही शोभला नसेल.

आमच्या घरची बेगमी पावसाच्या धाकाने होई. वैशाखात गच्चीवर पापड, कुरडया, सांडगे वाळत. तिखट, चिंच, डाळी डब्याडब्यांत जाऊन बसत. आणि मृगाची पहिली सर कोसळली की आई निश्चिंत होई. सणाची मात्र अशी बेगमी आमच्याकडे नसे. दिवाळी चार दिवसांवर आली म्हणजे भाजणी, पिठीसाखर, तुपाचा डबा अशी एकच धांदल उडे. सणासाठी सात-आठ महिने आधी कंबर बांधणारे घर मी एकच पाहिले, आणि ते आमच्या शेजारी होते.

आम्ही गिरगावात खोताच्या वाडीत राहत होतो. बाहेरून लाकडी जिने असलेली, ओट्याओट्यांची ती वाडी. एका घरात आमच्यासारखे हिंदू, तर लगतच्या घरात ईस्ट इंडियन ख्रिस्ती. नाव इंग्रजी असले तरी हे लोक मुंबई, साष्टी, वसई या भागातले मूळचेच; घरात बोलत तीही मराठीचीच एक बोली. 'ईस्ट इंडियन' हे नाव त्यांनी १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी घेतले. पलीकडची मावशी त्यांच्यातली. तिला आम्ही मुले नुसते 'पलीकडची मावशी' म्हणत असू.

मावशीचा नाताळ मे महिन्यात सुरू होई. आधी मसाला. दोन-तीन जातींच्या मिरच्या, धने, हळद, तीळ, खसखस, मोहरी, नागकेशर, दगडफूल असे वीस-पंचवीस जिन्नस उन्हात कडकडीत वाळवायचे, एकेक निराळा भाजायचा. मग कांडणाऱ्या बायका येत. उखळात मुसळ पडू लागले की साऱ्या वाडीला शिंका येत. तयार मसाला बिअरच्या काळसर बाटल्यांत काठीने ठासठासून भरायचा आणि वर घट्ट बूच. बाटली काळसर अशासाठी की उजेड लागून रंग उडू नये. याचेच नाव बाटली मसाला. नाताळातल्या मटणाची चव अशी मे महिन्यातच ठरून जाई.

सप्टेंबरात वांद्र्याची मोतमावलीची जत्रा झाली की फळांची पाळी. मनुका, बेदाणे, खजूर, पाकवलेली संत्र्याची साल हे सारे बारीक चिरून ती बरणीत घाली आणि वर रम ओती. रमने फळ टिकते आणि मुरतेही. दिवस दारूबंदीचे होते. पण यजमानांच्या प्रकृतीसाठी परवाना होता. त्यांच्या औषधातला बराचसा भाग मनुका पीत, असे माझे वडील हसून म्हणत.

या साऱ्या तयारीचा हिशेब एका लाल वहीत असे. ती वही मी एकदा उघडून पाहिली. मला वाटले होते, साखर इतकी, रवा इतका, असे काही असेल. तसे ते होतेही, पण मागच्या पानांवर. पहिल्या पानावर नुसती नावे होती. नाताळच्या दिवशी ज्यांच्या घरी ताट जायचे त्यांची. आधी माणसे, मग त्यांच्या मापाने सामान. आमचे आडनाव त्यात चौथे होते.

१९६५ च्या पावसाळ्यात माझे वडील गेले. वर्ष आधीच कठीण होते. सप्टेंबरात युद्ध झाले, रात्री काळोख पाळावा लागे. आठवड्यातून एक वेळचे जेवण सोडा, असे पंतप्रधान शास्त्रीजींनी देशाला सांगितले होते. साखर रेशनकार्डावर मोजून मिळे. आईचे तर उद्याकडे पाहणेच थांबले होते. सकाळी भात टाकावा, संध्याकाळी भात टाकावा. डब्यात काय आहे, काय संपले, हे ती विचारीनाशी झाली. जिच्या घरात वर्षाचे तिखट असे, तिच्या घरात मीठ संपलेले मी पाहिले. दिवाळीला अर्थातच तळण नव्हते. वाडीत सगळीकडे चकलीचा वास, आणि आम्ही भावंडे दार लोटून बसलेली.

नरकचतुर्दशीच्या सकाळी मावशी आली. हातात झाकलेले मोठे ताट. आत करंज्या होत्या. त्यांच्याकडे त्यांना नेवऱ्या म्हणतात आणि त्या नाताळात होतात. खोबरे, साखर, वेलची. कातण्याने कापलेली तीच नागमोडी कड. आई म्हणाली, "अगं, आमच्याकडे यंदा सण नाही."

मावशी म्हणाली, "दुःख तुमच्या घरात आहे. माझ्या कढईला सुतक नाही. पोरांना खाऊ दे."

त्या नेवऱ्यांतली साखर कुठली, हे आम्हां मुलांना कळले नाही. आईला पाहताक्षणी कळले. गणपतीपासून दर आठवड्याच्या रेशनातून मूठमूठ बाजूला काढून नाताळासाठी साठवलेली ती साखर होती.

त्या दिवशी आई काहीच बोलली नाही. पण दुसऱ्या दिवसापासून आमचा चहा कमी गोड होऊ लागला. कोठीतल्या फळीवरची एक रिकामी बरणी तिने घासूनपुसून वाळवली. रेशनची साखर आली की आधी त्यातली दोन वाट्या त्या बरणीत जाई. आई दिवस मोजू लागली, भिंतीवरच्या कॅलेंडरशी उभी राहून म्हणे, "नाताळला किती दिवस राहिले रे?" घरात मीठ पुन्हा वेळेवर येऊ लागले.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात आई ती बरणी घेऊन पलीकडे गेली. "ताट रिकामं परत करायचं नसतं," एवढेच तिने सांगितले. ती पटकन परतली नाही. काट्याच्या पाठीवर पिठाच्या गोळ्या दाबून कुलकुल वळायचे काम चालले होते, त्यात तीही बसली. करंजीला मुरड घालणारी तिची बोटे. तासाभरात मावशीच्या लेकींना मागे टाकून गेली. केकचे पीठ डब्यांत घालून, डब्यांवर नावे लावून कोपऱ्यावरच्या बेकरीच्या भट्टीत पाठवले, तेव्हा एका डब्यावर आमचे आडनाव होते.

गाडगीभर साखरेने आईचे दुःख गेले, असे मी म्हणणार नाही. ते पुढे कित्येक वर्षे होते. पण दीड महिना का होईना, तिला पुढच्या एका तारखेसाठी काहीतरी राखून ठेवायचे होते, आणि तेही दुसऱ्याच्या सणासाठी. 'बेगमी' या शब्दातला 'बे' मला तेव्हा भेटला. त्याची व्युत्पत्ती पुढे कोशात सापडली.

आता काही साठवावे लागत नाही. मनुका बारा महिने मिळतात, केक दुकानात तयार असतो, आणि फोनवर बोट ठेवले की दहा मिनिटांत साखर दारात येते. वाडीतली जुनी घरेही थोडीच उरली आहेत. सोय झाली, हे चांगलेच झाले. मुसळ धरणारे हात कुणाचे दुखत होते, हे मी पाहिले आहे. मात्र कुणाचे तरी नाव वहीच्या पहिल्या पानावर लिहून सात महिने मनात वागवण्याची सोय अजून कुठल्या दुकानात आलेली नाही.

आमच्या घरी मी ती वही ठेवतो. यंदा तीत नऊ नावे आहेत. हा अंक तुमच्या हाती पडेल तेव्हा दिवाळीचा फराळ निम्मा संपला असेल आणि नाताळ थोड्या आठवड्यांवर आला असेल. मनुका भिजत घालायला एवढा अवधी पुष्कळ झाला.