ओळ दाखव

भिवंडीच्या पद्मानगरात आमच्यासारखी तेलंगणातून आलेली पद्मशाली घरं पुष्कळ. घरात तेलुगू, गल्लीत हिंदी आणि शाळा मात्र मराठी. नायना, म्हणजे वडील, यंत्रमागावर बारा तासांची पाळी करायचे, मजुरी मीटरवर. अशा घरातल्या मुलाला दहावीचं रसग्रहण म्हणजे गाइड पाठ करणं, एवढंच ठाऊक. ‘प्रस्तुत कवितेत कवीने अत्यंत समर्पक शब्दांत’ इथून सुरू होणारी काही वाक्यं मला तोंडपाठ होती. ती कुठल्याही कवितेला चालायची.

पूर्वपरीक्षा झाल्यावर मराठीच्या बाईंनी आम्हा काही जणांना उजळणीसाठी संध्याकाळी घरी बोलवायला सुरुवात केली. फी नाही, वर चहा. त्यांचं नाव इथं लिहीत नाही. त्यांना ते रुचलं नसतं. माझ्या पेपरातल्या ‘समर्पक’खाली पेन्सिलीनं रेघ मारून त्या म्हणाल्या, ‘‘कुठला शब्द समर्पक? ओळ दाखव.’’

मला दाखवता आली नाही. मग त्यांनी पाठ्यपुस्तकाबाहेरची एक कविता वहीत उतरवून घ्यायला लावली, बालकवींची ‘औदुंबर’. आठच ओळी. झरा, टेकडीकडचं गाव, शेतमळे, पायवाट, डोह आणि पाण्यात पाय टाकून बसलेलं झाड. एक मुलगी म्हणाली, ‘‘बाई, उदास वाटतं.’’ ‘‘ओळ दाखव.’’ ती अडली, कारण ‘उदास’ असा शब्द तिथं नाहीच. बाईंनी आम्हाला रंग मोजायला लावले. हिरवा तीनदा येतो, पायवाट पांढरी, आणि ती ज्या डोहाकडे जाते तो काळा. गाव आहे, पण माणूस एकही दिसत नाही. वाट चालते, वाटेवर कुणी चालत नाही. त्या मुलीचं वाटणं बरोबर होतं, आता त्याला आधार मिळाला.

आमच्यातल्या एका हुशार मुलानं बालकवींचं चरित्र वाचलेलं होतं. 1918 साली भादली स्टेशनजवळ ते रेल्वेखाली गेले, वयाची अठ्ठाविशीही पुरी झाली नव्हती. तेव्हा काळा डोह म्हणजे मृत्यूची चाहूल, असं त्यानं सांगून टाकलं. बाई म्हणाल्या, ‘‘लिहिताना कवीला तो अपघात ठाऊक होता का रे? डोह काळा आहे, एवढं कवितेनं सांगितलं. पुढचं तुझं. खुशाल लिही, पण कवीच्या नावावर खपवू नकोस.’’ या कवितेच्या अर्थाबद्दल मोठमोठ्या समीक्षकांचंही एकमत नाही, हे त्यांनी सांगितलं तेव्हा मला हायसं वाटलं.

वैचारिक निबंधाचीही तीच गत केली त्यांनी. ‘विज्ञान : शाप की वरदान’ आम्ही घोकलेलं होतं. बाईंनी विषय दिला, ‘वस्तीतले यंत्रमाग रात्री बंद ठेवावेत का?’ खोलीत मागवाल्याचा मुलगा होता, मागावर राबणाऱ्याचा मी होतो, आणि मागाच्या खडखडाटानं जिच्या आजीला झोप लागत नसे अशी एक मुलगी होती. प्रत्येकानं दुसऱ्याची बाजू लिहायची, आणि अशी की ऐकून त्यानं ‘हो, हेच माझं म्हणणं’ म्हणायला हवं. त्यानंतर आपली बाजू. आजीच्या झोपेची बाजू लिहून झाल्यावर मला नायनांच्या मीटरचा हिशेब कागदावर मांडावा लागला, कारण तो मांडल्याशिवाय उत्तर देता येईना. ताण्याबाण्याची उपमा इथं द्यायचा मोह होतो, पण बाईंनी ती खोडली असती.

हा आग्रह कुठून आला असेल, ते नंतर उमगलं. 1970 आणि 1984 च्या हिंदू-मुस्लीम दंगली भिवंडीनं पाहिल्या होत्या. पुढे पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी इथं मोहल्ला समित्या उभ्या केल्या, दोन्हीकडची माणसं एका सतरंजीवर बसू लागली, आणि 1992-93 ला मुंबई जळत असताना भिवंडी शांत राहिली. बाई अशा बैठकांना जात. समोरच्याला आपलं म्हणणं पटवायचं तर त्याचं आधी नीट ऐकावं लागतं, हे त्यांना पुस्तकातून शिकायची गरज नव्हती.

तक्रारपत्राचा सराव म्हणून त्यांनी आम्हाला खरंच पत्र लिहायला लावलं, गल्लीच्या वळणावर दिवा हवा म्हणून. ‘नागरिकांची प्रचंड गैरसोय’ त्यांनी काढून टाकलं. कुठलं वळण, अंधार किती वाजता होतो, तिथून कोण जातं, आणि ज्याला लिहितोय त्याच्या अधिकारात नेमकं काय आहे, एवढंच ठेवलं. काही महिन्यांनी दिवा आला. पत्रामुळेच आला असं म्हणत नाही, पुरावा नाही.

आज मी हिशेबनीस आहे. संध्याकाळी शेजारीपाजारी अर्ज लिहून घ्यायला येतात, रेशनकार्डाचे, प्रॉव्हिडंट फंडाचे. पैसे घेत नाही; ते बाईंच्या खात्यावरचं देणं आहे.

2018 साली दहावीचं मराठीचं पुस्तक बदललं. त्यात नारायण सुर्व्यांची ‘दोन दिवस’ आहे, कामगाराची कविता, आमच्या गल्लीतल्या पोरांना सांगावीही लागू नये अशी. रसग्रहणाचे आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य आणि भाषिक वैशिष्ट्ये असे तीन भाग झाले. कल्पना चांगली, पण तिन्हींखाली भरायची वाक्यं आता गाइडात तयार मिळतात. तुमच्या घरी दहावीचं मूल असेल, तर परीक्षेआधी एक संध्याकाळ गाइड बाजूला ठेवा, त्याला कविता मोठ्यानं वाचायला सांगा, आणि ते काही बोललं की म्हणा, ओळ दाखव.